भागरताबाईंचे नाक

जळक्या ऑइलचा वास मला आजही आधी टाळूला लागतो, मग नाकाला. गोंदियाच्या बाजारात एखाद्या गॅरेजसमोर काळे डबके दिसते, त्यावर मोरपिशी रंग हलत असतात, आणि मी पदर तोंडाशी धरून रस्त्याच्या पलीकडे जाते. बरोबरच्या माणसाला वाटते, मला धूर सोसत नाही. त्या वासामागून दुसरा एक वास येत असतो, हे मी कोणाला सांगत नाही. तो आंबट असतो, कोमट असतो, आठवडाभर विसरलेल्या ताकाच्या मडक्यासारखा. आणि त्याच्याही मागून एक बाई येते: ठेंगणी, सावळी, लुगड्याचा काचा घट्ट मारलेली, कोपरापर्यंत शेणाने माखलेले हात अंगापासून दूर धरून चालणारी.

तिरोड्याहून बोदलकसाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची मुलींची निवासी शाळा होती, अजून आहे. स्वयंपाकघराच्या मागे विहिरीसारखा एक गोल खड्डा, त्यात शेणकाला, आणि त्यावर पालथी घातलेली लोखंडी टाकी. आत गॅस साठला की टाकी हळूहळू वर उचलली जाई, शेगड्या पेटल्या की खाली बसे. शंभरावर मुलींचा भात त्या गॅसवर शिजत असे. भागरताबाई या गोबरगॅसच्या राखणदार. कागदोपत्री त्या ‘मदतनीस’ होत्या, पण मुलींच्या लेखी त्या आणि ती टाकी मिळून एकच संस्था होती. टाकीला त्या ‘बुढी’ म्हणत. आमच्या भागात घरातल्या थोरल्या बाईला, आईलाही, हाच शब्द वापरतात. त्यात हेटाळणी नसते, निदान दर वेळी नसते.

मी तिथे विज्ञान शिकवायला गेले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. वडिलांनी मला वृत्ते शिकवली होती आणि विद्यापीठाने सूक्ष्मजीवशास्त्र, आणि दोन्हींचा मला सारखाच गर्व होता. पहिल्या दिवशी सामानाची पेटी व्हरांड्यात टेकवत होते, तेवढ्यात भागरताबाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

“तुमी विज्ञानाच्या?”

“हो.”

“टिकसाल?”

मला राग आला. मी विचारले, “का? आधीचे सर टिकले नाहीत?”

“टिकले असते बापा. त्यांच्या हातून तेजाबाची बाटली फुटली. सचिव साहेबानं त्याच दिसी सांजेले घरी धाडलं. मंग चार साल कोनी आलंच नाई. पोरींनी विज्ञानाचं पुस्तक निसतं चाळलं.” त्यांनी हात लुगड्याला पुसले. “माई सुनंदा त्यातच गेली.”

मी हादरले. “गेली?”

“दहावीत गेली. विज्ञानात. मंग मुर्रीले देली.”

म्हणजे नापास झाली आणि मुर्रीत लग्न करून दिली. हसावे की नाही हे मला कळेना, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून तर मुळीच कळले नाही. पुढे अकरा वर्षे मी त्या चेहऱ्यासमोर असे अनेकदा उभी राहिले.

त्यांची सकाळ ठरलेली असे. आधी टाकीला कान. लोखंडाला गाल चिकटवून त्या डोळे मिटत, आणि आतून येणारे बुडबुडे ऐकत. मग निर्गमाच्या तोंडाशी, जिथून पचलेला काला बाहेर येतो तिथे, बसून त्यातला ओंजळभर उचलून नाकाशी नेत. आणि एक शब्द उच्चारत. एकच. ‘भुकेली.’ ‘निवली.’ ‘रुसली.’ ‘अंगात ताप हाय’ असे तीन शब्दही कधी निघत, पण ते दुर्मिळ.

मी एक वही ठेवली होती. तिच्यात दोन रकाने आखले. एका रकान्यात मी आम्लता मोजण्याच्या कागदी पट्टीचा आकडा लिहीत असे, दुसऱ्यात गंमत म्हणून भागरताबाईंचा शब्द. महिन्याभरात गंमत संपली. त्यांचा शब्द माझ्या आकड्याच्या एक दिवस आधी येत होता. सोमवारी त्या ‘रुसली’ म्हणाल्या की मंगळवारी माझी पट्टी पिवळी पडे. मी पट्ट्या बदलल्या, नागपूरहून चांगल्या मागवल्या. त्याही एक दिवस उशिरानेच बोलत.

हे मी सोसले असते. शास्त्रात निरीक्षणाला मान असतो, असे स्वतःला समजावले असते. पण भागरताबाई एका शब्दापाशीच थांबत नसत. एकदा मी विचारले, “रुसली म्हणजे नेमका कसा वास?” त्या उकिडव्या बसल्या होत्या. वर न पाहता म्हणाल्या, “नवऱ्यासंग भांडून बायको माहेरी जाते, आन् नवरा तिसऱ्या दिसी चुलीचं झाकन उघडते ना, तसा.”

त्या संध्याकाळी मी खोलीत कवितांची वही उघडून बसले. वासावर माझ्या दोन ओळी होत्या. ‘मातीचा गंध’ असा त्यात शब्दप्रयोग होता. मी तो खोडला. दुसरे काही सुचले नाही. पाटावर वाढलेले ताट दुसऱ्यासमोर सरकवले जावे, तसे मला वाटले. ज्या बाईला स्वतःचे नाव लिहायला अर्धा मिनिट लागतो, तिच्या जिभेवर हे कोणी ठेवले? माझ्या वडिलांनी माझ्यावर घातलेल्या इतक्या संध्याकाळी कुठे गेल्या? मत्सर हा शब्द मी तेव्हा वापरला नाही. मी म्हणाले, मला डोके दुखते आहे.

मी वर्गात शिकवत असताना त्या खिडकीबाहेर सूप घेऊन बसत. तांदूळ निवडण्यासाठी सावली लागते, असे सांगत. सावली चिंचेखाली जास्त होती. मी मुलींना समजावत होते की टाकीत तीन प्रकारचे जीव राबतात. पहिले शेणाचे आणि शिळ्या अन्नाचे तुकडे करतात, दुसरे त्या तुकड्यांचे आम्ल करतात, आणि तिसरे ते आम्ल खाऊन जळणारा वायू देतात. हे तिसरे पृथ्वीवरचे फार जुने रहिवासी. त्यांना हवासुद्धा सोसत नाही, काळोख लागतो, ऊब लागते, आणि सगळ्यांत शेवटी जेवायला बसूनही सगळ्यांत आधी तेच आजारी पडतात. मी फळ्यावर नावे लिहिली. मुली माना डोलावत होत्या, डोळे रिकामे.

खिडकीतून आवाज आला, “म्हंजे तिसरी पंगत.”

वर्ग वळला. “लग्नात पयली पंगत पाव्हन्यांची, दुसरी घरच्या मानसायची, आन् तिसरी वाढनाऱ्या बायांची. तिसऱ्या पंगतीले जे उरलं ते. पन ती पंगत जेवली नाई त मांडव सुटत नाई.” सूप पाखडत त्या पुढे म्हणाल्या, “चालू द्या म्याडम. मी काई बोलली नाई.”

परीक्षेत पंधरा मुलींनी ‘तिसरी पंगत’ असे लिहिले. मी गुण दिले. लाल पेनाने दिले, जोर देऊन दिले, कागद फाटला.

एकदा नागपूरहून तपासणीसाठी तीन अधिकारी आले. मी आठ दिवस तयारी केली, तक्ते काढले, मुलींकडून भाषण पाठ करून घेतले. त्यांनी शांतपणे ऐकले. मग त्यांच्यातल्या वयस्क गृहस्थांनी टाकीकडे बोट दाखवून भागरताबाईंना विचारले, “काय बाई, चालतं ना व्यवस्थित?” भागरताबाईंनी टाकीला कान लावला. चिंचेवरचा कावळाही गप्प असावा.

“आज वरन भाताच्या आधी शिजवा,” त्या स्वयंपाकिणीकडे बघून म्हणाल्या. “बारा वाजता दम सोडंन हे.”

बाराला पाच कमी असताना ज्योत खाली बसली. अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मोबाइलमधल्या छायाचित्रात भागरताबाई मध्ये आहेत, दोन्ही बाजूंना मुली, आणि अगदी उजव्या कडेला एका हिरव्या साडीचा काठ आहे. ती साडी माझी.

हे इतके तपशिलात सांगते आहे, कारण पुढचे सांगायचे आहे.

भाताचे पाणी, भांडी विसळल्याचे खरकटे पाणी वाया जाते, ते टाकीला घालावे, अशी कल्पना माझी. स्वयंपाकघरामागच्या नालीतून एक फाटा मी टाकीच्या कालवण्याच्या कुंडीकडे काढून घेतला. कागदावर नकाशाही काढला होता. भागरताबाईंना तो पसंत पडला, फक्त पावसाळ्यात त्या फाट्याच्या तोंडाशी एक वीट लावून ठेवत. “पावसाचं पानी गेलं त बुढीच्या पोटात गारवा धरते,” त्या म्हणत. त्या विटेमागे पाणी तुंबे.

त्या वर्षी पोळ्याला त्या भावाकडे सौंदडला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, “इटेकडं ध्यान ठेवा म्याडम. बाकी बुढी तुमाले वळखते.”

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नारबोद काढतात. पळसाच्या फांद्यांची, चिंध्यांची एक बाहुली गावाबाहेर नेतात, आणि घरातली सगळी पीडा तिच्याबरोबर हाकलून देतात. शाळेत त्या आठवड्यात चार मुली तापाने आडव्या होत्या. डास घोंगावत होते. आमच्या जनरेटरचे काढलेले जळके ऑइल एका डब्यात पडून होते, आणि साचलेल्या पाण्यावर जळके ऑइल ओतले की डासांची पिल्ले मरतात, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. मी ठरवले, आज नारबोदही काढू आणि डासही घालवू.

खरे कारण वेगळे होते. भागरताबाई नव्हत्या. तो एक दिवस मुली माझ्या व्हाव्यात, असे मला वाटत होते.

आणि झाल्या. आवारभर मिरवणूक निघाली. पुढे बाहुली, मागे डबा घेऊन मी, आणि सगळ्या मुली एका सुरात ओरडत: “मच्छर घेऊन जाय व नारबोद! ताप-खोकला घेऊन जाय व नारबोद!” प्रत्येक डबक्यावर मी एक पळी ऑइल सोडत होते. काळा थेंब पाण्यावर पडताच पसरे, त्यावर जांभळा, हिरवा, तांबूस असे रंग उमलत. मुली “ओहो” करत. एक छोटी मुलगी माझा हात धरून म्हणाली, “म्याडम, तुमी तर जादू करून राहिल्या.” इतकी वर्षे वाट पाहिलेले वाक्य होते ते.

मुली जेवायला गेल्या. मी डबा ठेवायला स्वयंपाकघरामागे गेले, आणि विटेमागचे तुंबलेले पाणी दिसले. त्यावर डासांचा ढग. डब्यात अर्ध्याहून अधिक ऑइल शिल्लक होते. मी ते सगळे ओतले. आणि पाणी पुन्हा तुंबू नये म्हणून, वीट पायाने बाजूला केली.

इतकेच. पाणी खळखळून वाहिले, छान आवाज झाला. ते कुठे गेले, हे माझ्याच नकाशावर लिहिलेले होते. संध्याकाळी वीट पुन्हा जागेवर लावताना मला ते आठवले. पण तोवर कुंडी रिकामी होती आणि तिच्या कडेला काळी, तेलकट रेघ उरली होती. ती मी चिंधीने पुसली.

तेलाचे शास्त्र मला पाठ होते. जिवाणूच्या अंगाभोवतीचे आवरण स्निग्ध असते आणि स्निग्धात स्निग्ध विरघळते. जळक्या ऑइलमधली ती कडी-कडीची विषारी संयुगे पाण्यात राहत नाहीत, ती सरळ त्या आवरणात शिरतात, आणि भिंत फुटलेल्या घरासारखे आतले सगळे बाहेर गळू लागते. पहिली पंगत दणकट, ती तग धरते. दुसरीही रेटते. मरते ती तिसरी. मग आम्ल तयार होत राहते आणि ते खायला कोणी नसते. आत नुसते आंबट साचत जाते. हे मी मुलींना शिकवले होते. तरीही तीन दिवस मी स्वतःला सांगत होते की डबा लहान होता आणि टाकी मोठी.

दुसऱ्या दिवशी टाकी वर आली नाही. तिसऱ्या दिवशी ज्योत पिवळी झाली, फडफडली आणि विझली. स्वयंपाकिणीने लाकडे मागवली. त्याच दुपारी भागरताबाई सौंदडहून आल्या. पिशवीही खाली न ठेवता त्या निर्गमाशी बसल्या. ओंजळ नाकाशी नेली. परत नेली. आम्ही शब्दाची वाट पाहत होतो. शब्द आला नाही.

त्या उठल्या आणि मी उभी होते तिथे आल्या. इतक्या जवळ त्या कधी येत नसत. अंगाच्या वासाचा त्यांना माझ्यासमोर संकोच होता. त्यांनी खोल श्वास घेतला. माझ्या निऱ्यांकडे पाहिले.

“सनाले काय केलं म्याडम?”

“काही नाही. मुलींनी नारबोद काढली.”

“बरं केलं,” त्या म्हणाल्या, आणि हात धुवायला गेल्या. माझ्या वहीत त्या तारखेसमोर त्यांचा रकाना कोरा आहे.

शनिवारी संस्थेचे सचिव आले. उंच, इस्त्रीचे, आवाज न चढवता माणसाला घरी पाठवणारे. टाकीभोवती सगळ्यांना उभे केले.

“बाई, तुम्ही गावाला गेल्या होत्या. जाण्यापूर्वी काय घातलं यात?”

भागरताबाई टाकीकडे पाहत होत्या.

“मॅडम, तुम्ही या विषयातल्या. काय झालं असेल?”

मला आजही ते क्षण एकेक मोजता येतात. चुलीच्या लाकडांचा धूर येत होता, माझ्या डोळ्यांतून पाणी येत होते, त्यामुळे ते पाणी कशाचे हे कोणाला कळले नसते. मी म्हणाले, “खाद्य चुकले असावे.”

भागरताबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. फार वेळ नाही. मग सचिवांना म्हणाल्या, “होय साहेब. माईच चूक असंन.”

त्यांना गोबरगॅसवरून काढून भांडी घासायला लावले. सचिव निघून गेल्यावर मला हायसे वाटायला हवे होते. वाटलेही. आणि त्याच्या तळाशी, लाज वाटते लिहायला, पुन्हा तीच जुनी कळ होती. चूक अंगावर घेणेसुद्धा या बाईला किती सहज जमले.

त्या त्याच संध्याकाळी माझ्या खोलीच्या दाराशी आल्या. “म्याडम, मले मयनाभर बुढीपाशी जाऊ द्या. भांडे घासून जाईन. साहेबाले सांगा, तुमी करून राहिल्या म्हनून.”

“काय करणार?”

“राकेलच्या पिप्यात पानी भरलं का वास जाते का? नाई जात. कोळसा टाकला का जाते.”

आमच्या भागात भाताच्या गिरण्यांच्या भट्ट्यांत धानाचे तूस जाळतात. अर्धवट जळलेले काळे तूस गिरणीमागे ढिगाने पडलेले असते. भागरताबाईंनी ते पोत्यांनी आणवले, चाळले, आणि रोज थोडे थोडे टाकीला घातले. असा कोळसा तेलाचे रेणू स्वतःला चिकटवून घेतो, हे मी वाचले होते. वाचून ठेवले होते. शेण घालणे त्यांनी बंद केले. “तापात मानसाले भात देते का कोनी?” आंबटपणावर चुन्याची निवळी दिली, तीही पाऊण तांब्या, मग दोन दिवस वाट. मी ‘अजून घालू’ म्हटले की म्हणत, “घाई कायले? आजारी ते हाय, तुमी नाई.”

मग त्या म्हणाल्या, विरजण लागेल. सौंदडला भावाच्या घरचा गोबरगॅस जुना आणि निरोगी होता. तिथला ताजा काला आणायचा, म्हणजे तिसऱ्या पंगतीला नवी माणसे. मी बरोबर गेले. दुधाच्या दोन कॅन भरल्या, झाकणांना ओले फडके बांधले, आणि आम्ही गोंदियाची पॅसेंजर पकडली. दहा मिनिटांत आमच्याभोवतीची बाके मोकळी झाली. कापडाचे गठ्ठे घेऊन बसलेला एक व्यापारी मात्र जागा सोडेना. रुमाल नाकाला लावून म्हणाला, “अम्मा, डब्बे में क्या मर गया?”

“मरा नई भैया,” भागरताबाई म्हणाल्या. “जिंदा है. इसीलिए तो बास मार रहा.”

तो हसला. मीही हसले. आणि हसता हसता मला वाटले, आता सांगावे. गाडीचा आवाज आहे, कोणी ऐकणार नाही. बाहेर धानाच्या बांध्या एकामागून एक मागे जात होत्या, पाण्यात आभाळ उभे होते. भागरताबाईंनी एक कॅन मांडीत घेतली होती आणि धक्का बसू नये म्हणून तिला दोन्ही हातांनी वेढले होते. मी तोंड उघडले आणि विचारले, “जड होतंय का?”

“नाई व माय,” त्या म्हणाल्या.

सहाव्या आठवड्यात टाकी बोटभर उचलली. आठव्यात ज्योत पेटली, निळी, आवाज न करणारी. भागरताबाईंनी भांड्यांच्या ढिगाऱ्यातून उठून, ओल्या हातांनीच, निर्गमावरची ओंजळ नाकाशी नेली. “निवली,” म्हणाल्या, आणि परत जाऊन बसल्या.

वार्षिक समारंभात सचिवांनी सांगितले की विज्ञान शिक्षिकेच्या मार्गदर्शनाखाली शाळेचा बंद पडलेला गोबरगॅस पुन्हा सुरू झाला. मला शाल दिली. समोर शेवटच्या रांगेत, स्वयंपाकघराच्या दाराशी, भागरताबाई टाळ्या वाजवत होत्या. हाताला साबणाचा फेस होता. टाळ्यांचा आवाज येत नव्हता. त्यांना टाकीवर परत घेतले गेले नाही. भांडी घासता घासता त्या निवृत्त झाल्या. मी तोंड उघडले असते तर त्यांना ती जागा परत मिळाली असती, हे त्या सगळ्या वर्षांत रोज सकाळी, वहीत आकडा लिहिताना, मला माहीत असे.

गेल्या हिवाळ्यात मी मुर्रीला गेले. भागरताबाई आता लेकीकडे असतात. शाळेतून निघताना निर्गमावरचा काला मी एका लहान बाटलीत भरून घेतला होता. काय न्यावे हे दुसरे सुचले नाही. दार सुनंदाने उघडले. तिच्या कपाळाची ठेवण थेट आईची.

“तुमी विज्ञानाच्या म्याडम? माय लय सांगते तुमचं. तुमी आल्या तवापासून एक पोरगी विज्ञानात नापास नाई झाली म्हनते. माया शेजारची नर्स झाली ना, तुमच्याच हातची.” तिच्या स्वरात आनंद होता, आणि खाली कुठेतरी, मला परिचित असलेली एक कळ. मी ती लगेच ओळखली.

भागरताबाई अंगणात उन्हाला बसून लाखोळीची डाळ निवडत होत्या. वाळल्या होत्या. मी बाटली पुढे केली. “बुढी आणलीय.”

त्यांनी बूच काढले, बाटली नाकाशी नेली, डोळे मिटले. डोळे उघडून त्या हसल्या. “करोनात नाक मेलं माया, म्याडम. कायचाच वास येत नाई. भात करपला त सुनंदा ओरडते तवा समजते.” बाटली त्यांनी माझ्याकडे परत दिली. “तुमी सांगा, कसी हाय?”

मी बाटली नाकाशी नेली. ज्या नाकाचा मी इतकी वर्षे हेवा केला ते आता रिकामे माझ्यासमोर बसले होते, आणि माझे शाबूत होते. वास होता. ओला, खोल, जिवंत. मी शब्द शोधला. वृत्ते आठवली, अलंकार आठवले. शब्द मिळाला नाही. जे तोंडातून बाहेर पडले ते वेगळेच होते.

“मावशी, त्या वर्षी ते ऑइल मी ओतले होते. वीट मी काढली होती.”

त्यांची बोटे लाखोळीतून फिरत राहिली. एक खडा सापडला, तो त्यांनी बाजूला टाकला.

“मालूम हाय. तुमच्या निऱ्यांले वास येऊन राहिला होता. धुतल्या होत्या तुमी, पन ऑइल धुतल्यानं जात नाई.”

“त्याच दिवशी कळले होते?”

“मंग.”

मला राग आला, हे खरे आहे. तिथेही, त्या वेळीही. त्यांनी एक शब्द उच्चारला असता तर त्या टाकीपाशी राहिल्या असत्या आणि मी घरी गेले असते, तेजाबाच्या बाटलीच्या सरांसारखी, त्याच संध्याकाळी. इतका सोपा सूड त्यांच्या हातात होता.

“मग बोलल्या काऊन नाही?” माझ्या तोंडून त्यांचीच बोली निघाली होती.

त्यांनी सूप मांडीवरून खाली ठेवले. घरात सुनंदा चहासाठी कप विसळत होती, त्या आवाजाकडे त्यांनी एकदा मान वळवली. मग माझ्याकडे पाहिले, पहिल्या दिवशी व्हरांड्यात पाहिले होते तसेच, आणि म्हणाल्या,

“पोरींसाठी.”